एकतीस टाचण्या

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, पाय मोडलेल्या खुर्चीमागे भिंतीला टेकून जी उभी आहे, ती मी. एक जुनी लाकडी फळी. तुम्ही शाळेबरोबर वरच्या मजल्यावरचे विजा मोजणारे नवे यंत्र पाहायला येता, तेव्हा रांगेने माझ्या दारावरूनच जाता. परवा तुमच्यातल्या एकीने दारातून डोकावून विचारले होते, "हिला एवढी भोकं कसली? वाळवी लागलीय का?" तुमच्या बाईंनी तिला हाताला धरून पुढे नेले आणि उत्तर राहूनच गेले. ते आज देते. ही वाळवी नाही ग. ही भोके विजांची आहेत.

घाबरू नका, माझ्यावर कधी वीज पडली नाही. पण दूर कुठेतरी जमिनीवर वीज पडली की तिची एक टाचणी माझ्यात रुते. अशा हजारो टाचण्या मी अंगावर वागवल्या. ज्या मला पेलवल्या नाहीत, त्यांचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. तिथे भुसा इतका असे की कोंबड्याही त्यातच बसत. विजांची नोंद ठेवणाऱ्या या कार्यालयाचा शिपाई माप घेऊन आला. त्याला अडीच हात रुंद फळी हवी होती, मऊ लाकडाची, टाचणी सहज रुतेल अशी. एवढे रुंद लाकूड अखंड मिळेना. मग सुताराने दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवून मागून आडव्या पट्ट्या मारल्या आणि माझे एक अंग केले.

"एक उन्हाळा वाळू द्या हिला," सुतार म्हणाला. "लाकूड ओलं आहे. आत्ता नेलीत तर जोड सुटेल."

"भिंतीवरच टांगायची ना?" शिपाई म्हणाला. "तिला काय नाचायचंय?"

"तुमची मर्जी. उद्या फट पडली तर माझ्या नावानं बोंब मारू नका म्हणजे झालं."

"वरून नकाशा चिकटवणार आहोत. फट दिसतेय कुणाला!"

हे बोलून शिपाई स्वतःच हसला. सुतारही हसला. मी ओली होते, नवी होते, मला त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही. पुढे कळले तेव्हा हसू येण्याचे दिवस राहिले नव्हते.

मला दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत टांगले. समोर दोन खिडक्या, एक लांब टेबल, काळा फोन आणि छताला कुरकुरणारा पंखा. माझ्यावर सगळ्या मुलखाचा नकाशा चिकटवला, मागून कापड लावलेला, जाड आणि ताठ. डावीकडे टेकड्या, उजवीकडे सपाट शेते, आणि मधोमध, माझ्या जोडाच्या अगदी वरून, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी नदी. मी त्या वेळी फार दिमाखात होते. सगळी नदी, सगळ्या टेकड्या माझ्या अंगावर, म्हणजे मी कोण!

त्या मुलखात विजा फार पडत. पावसाळ्याआधीचे दोन महिने तर दुपारी तीन वाजले की आभाळ काळे होई आणि संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे काहीतरी जळून गेलेले असे. शाळांतून, टपाल कचेऱ्यांतून, जंगलाच्या नाक्यांवरून पत्रे येत, फोन येत. अमुक वाजता, अमुक ठिकाणी वीज पडली. ती नोंद घ्यायला एक कारकून होते. त्यांचे खरे नाव कार्यालयात बहुधा कुणालाच आठवत नसे. सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत.

टाचणीकाकांचा चष्मा इतका जाड होता की त्यामागचे डोळे लिंबाएवढे दिसत. ते पत्र नाकाशी धरून वाचत, नकाशाच्या कडेचे आकडे बोटाने जुळवत आणि नेमकी त्या जागी टाचणी टोचत. मोकळ्या जमिनीवर वीज पडली तर पांढरी, झाडावर किंवा घरावर पडली तर पिवळी, आणि माणूस सापडला तर लाल. लाल टाचणी टोचताना ते क्षणभर थांबत. मग दाराच्या मागे चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीची एक उभी रेघ ओढत. प्रत्येक विजेला एक रेघ. पत्र मात्र रद्दीच्या पोत्यात जाई.

"पत्रं ठेवा की काका," शिपाई एकदा म्हणाला होता.

"कशाला? वीज फळीवर गेली ना? आता पत्राचं काय लोणचं घालायचंय?"

त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता. मित्रांनो, विश्वासाचे ओझे टाचण्यांपेक्षा जड असते.

पहिलाच उन्हाळा आला आणि सुतार म्हणाला होता तसेच झाले. माझे लाकूड वाळले, आकसले आणि मधला जोड उकलला. फट नखाएवढीच होती, पण तिच्या दोन्ही कडा भुसभुशीत होऊन बोटभर रुंदीचा पट्टा वरपासून खालपर्यंत निकामी झाला. वरून ताठ नकाशा, म्हणून कुणाला काही दिसले नाही. त्या पट्ट्यात काकांनी एक पांढरी टाचणी टोचली. ती माझ्यात रुतलीच नाही, नुसत्या कागदाच्या आधाराने लोंबकळत राहिली. थोड्या वेळाने ढग गडगडले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, भिंत थरथरली, आणि ती टाचणी टिक करून फरशीवर पडली. काका फोनवर होते. त्यांना ऐकू आले नाही.

मी तिला धरून ठेवायची किती धडपड केली! पण फटीने धरायचे कशाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला मावशी आल्या. या मावशींबद्दल तुम्हाला सांगितलेच पाहिजे. त्या या इमारतीत सगळ्यांच्या आधी येत आणि बादलीचा, झाडूचा, स्वतःच्या गुडघ्यांचा कुरकुराट करत सगळे लख्ख करून टाकत. त्यांची एकच प्रौढी होती. म्हणत, "या खोलीत खुशाल अनवाणी फिरा. पायात टाचणी गेली तर मला जाब विचारा." त्यांनी ती पांढरी टाचणी वेचली आणि काकांपुढे धरली.

"काका, ही खाली सापडली."

काकांच्या एका कानाला फोन होता. त्यांनी हातानेच टेबलावरची पत्र्याची डबी दाखवली. "डबीत टाका मावशी, डबीत. कुणाच्या पायात जाईल."

बस, एवढेच घडले. दोघेही बिचारे आपापले काम नीट करत होते. पण त्या क्षणी एक वीज या जगातून पुसली गेली, आणि ते ठाऊक असलेली एकटी मी, बिनतोंडाची.

त्यानंतर मावशींनी पुन्हा विचारले नाही. गडगडाटाच्या दुसऱ्या दिवशी खाली एखादी टाचणी दिसली की वेचायची, पुसायची, डबीत टाकायची. तीच टाचणी काका पुढच्या विजेसाठी दुसरीकडे टोचत. पावसाळा लागला की मी दमट हवेने फुगे, फट मिटे, आणि त्या दिवसांत टोचलेली टाचणी धरूनही ठेवी. मला वाटे, आता बरी झाले. पण पुढचा उन्हाळा आला की तीसुद्धा सुटे. चार वर्षांत अशा एकतीस पडल्या. मी मोजत होते. दुसरे करण्यासारखे माझ्याकडे काय होते?

चौथ्या वर्षी विजांचा हिशेब करायला गणितबाई आल्या. सडपातळ, भराभर चालणाऱ्या, केसांत पेन्सिल खोचून तीच पेन्सिल खोलीभर शोधणाऱ्या. तोवर लोक म्हणत, वीज म्हणजे आभाळाची लहर, तिला कसला आलाय नियम? बाई म्हणाल्या, लहर असेल तर लहरीचेही गणित असते. एका सकाळी त्यांनी कागदाला भोके पाडण्याच्या यंत्रातून पडलेले कागदी ठिपके मूठभर घेतले आणि सरळ फरशीवर उधळले.

"अहो बाई!" मावशी ओरडल्या. "आत्ता झाडलंय मी!"

"नंतर मी झाडते, शपथ. आधी इकडे या. एकेका फरशीवर किती पडले ते मोजा बघू."

मावशी बडबडत वाकल्या. "हिच्यावर सात. हिच्यावर चार. या बिचारीवर एकच."

"त्या बिचारीवर माझा राग होता का?"

"राग कशाला असेल? मुठीतनं सुटले, पडले."

"तेच तर! कमी-जास्त पडणारच. कमी-जास्त किती, हेसुद्धा गणितानं आधी सांगता येतं. तेवढं नशिबावर सोडायचं. पण समजा, सगळ्या फरश्यांवर तीस-तीस ठिपके आहेत आणि मधल्या एकीवर एकही नाही. मग काय म्हणाल?"

मावशींनी क्षणाचाही विचार केला नाही. "मग त्या फरशीवरनं कुणीतरी आधीच फडकं फिरवलंय."

गणितबाई खळखळून हसल्या. "मावशी, तुम्ही माझ्या वर्गात पाहिजे होतात! अगदी बरोबर. तिथं नशीब नसतं, तिथं कारण असतं."

मी भिंतीवर ताठ झाले. मावशींनी खरे ते बोलून टाकले होते. खुद्द त्यांना ते कळले नव्हते आणि बाईंनाही नाही. पुढे कित्येक वर्षे मी ते वाक्य मनात घोळवत राहिले.

बाईंनी दोरा लावून माझ्यावर बारीक उभ्या रेघा आखल्या. बोट-बोट रुंदीचे साठ पट्टे झाले. प्रत्येकातल्या टाचण्या त्यांनी आठ दिवस मोजल्या. एका पट्ट्यात सरासरी एकतीस टाचण्या येत होत्या. टेकड्यांच्या पट्ट्यांत मात्र साठ-साठ, म्हणजे नशिबाच्या हिशेबापेक्षा पुष्कळच जास्त. बाईंच्या सांगण्यावरून टेकडीवरच्या शाळेवर वीज उतरवणारी तार बसवली आणि बसचा थांबा उंचवट्यावरून खाली आणला. त्या वर्षी टेकडीकडे एकही लाल टाचणी लागली नाही. माणसे वाचली हो! गणिताने माणसे वाचली. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहून "ही आमची फळी" म्हणाले. माझ्या लाकडाला पालवी फुटायचीच बाकी होती.

पण त्याच मोजणीत तो मधला पट्टाही बाईंना दिसला होता. शेजारी एकतीस, पलीकडे तेहतीस, आणि मध्ये एक पट्टा अगदी कोरा. एकही नाही.

"हे नशिबानं होणं शक्य नाही," त्या काकांना म्हणाल्या. "दशांश चिन्हापुढे तेरा शून्यं द्यावी लागतील, इतकी कमी शक्यता. काहीतरी कारण आहे."

कारण होतेच. ते त्यांच्या नाकासमोर टांगलेले होते. पण बाईंनी नकाशात पाहिले. नेमकी तिथूनच नदी जाते, दोन्हीकडे चढ, मध्ये सखल. वारा तिथे खाली दबत असेल, ढग बाजूला सरकत असतील. शोधणाऱ्याला कारण सापडतेच, मित्रांनो. त्यांनी त्याला नावही दिले, शांत पट्टा.

अजून एक संधी होती. बाईंनी दारामागच्या रेघा मोजल्या. रेघा निघाल्या अठराशे एक्याण्णव. टाचण्या अठराशे साठ. एकतीस कमी. टाचणीकाकांचा चेहरा पडला.

"माझ्या हातून असं कधी..." ते पुटपुटले. "डोळे गेले माझे. साहेबांना सांगा, नवा माणूस बघा."

"काका, असं काय बोलता?" बाईंनी त्यांच्यापुढे खुर्ची ओढली. "दोन हजारांत एकतीस म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाहीत. टाचण्या आहेत, गळायच्याच. सगळीकडून थोड्या-थोड्या गळाल्या असतील. चित्र त्यानं बदलत नाही."

सगळीकडून थोड्या-थोड्या! अहो बाई, एकाच जागेहून! एका पट्ट्यात एकतीस हव्यात, त्या पट्ट्यात शून्य आहेत, आणि हरवल्याही एकतीसच. तुम्हीसुद्धा आता बोटांवर जुळवले असेल. बाईंनी ते जुळवले नाही, कारण त्या क्षणी त्यांना गणितापेक्षा एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची होती. मला त्यांचा राग येत नाही. तेव्हाही आला नव्हता. फक्त आत कुठेतरी लाकूड चिरत गेले.

आता मावशींच्या लेकीचे सांगायला हवे. ती रोपवाटिकेत कामाला होती. झाडांची रोपे पिशव्यांत लावायची, पाणी घालायचे, दोनशे बायका एकत्र. ही रोपवाटिका टेकडीच्या उतारावर होती, आणि तिच्या आसपास माझ्यावर पाच लाल टाचण्या होत्या. मावशी माझी धूळ पुसताना त्या पाचांवर येऊन थांबत. फडके तिथून पुढेच सरकत नसे. दुपारी आभाळ भरले की त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत आणि लेक घरी आल्याचा निरोप आला की मगच घोटभर पाणी पीत.

मोठ्या साहेबांनी रोपवाटिका हलवायचे ठरवले. कुठे? शांत पट्ट्यात, नदीकाठी. पाणी जवळ, माती चांगली, आणि वीज तर पडतच नाही. बायकांना जेवायला आणि वादळात आडोशाला एक लांब पत्र्याची शेड बांधायची होती. तिच्यावर तार बसवायची का, असे कुणीतरी विचारले. साहेब म्हणाले, "शांत पट्ट्यात तार कशाला? अजून तीन शाळा तारेसाठी थांबल्यात, तिकडे द्या." तेही चुकीचे बोलले नाहीत. या हकीकतीत दुष्ट माणूस शोधू नका, सापडणार नाही.

मावशींनी मात्र बाईंना जिन्यात नाही, टेबलापाशी नाही, माझ्यासमोर उभे करून विचारले.

"बाई, मला तुमची शून्यं-बिन्यं कळत नाहीत. एकच सांगा. पोरीला तिथं पाठवू?"

"मावशी, माझी सख्खी बहीण असती तरी तिथंच पाठवली असती."

"मग झालं तर," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून निघाल्या. जाताना त्यांनी माझ्या कोऱ्या पट्ट्यावरून हलकेच हात फिरवला, तान्ह्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. पावसाळा होता. मी फुगलेली, मिटलेली होते. त्यांच्या हाताला काही लागले नाही.

ते वर्ष सुखाचे गेले. मावशींचे कुरकुरणे थांबले. एकदा म्हणाल्या, "काका, आज आभाळ भरलंय का? मला पत्ताच नाही."

पुढचा उन्हाळा आला. मी वाळले, फट उघडली. त्या एका महिन्यात नदीकाठाहून दोन पत्रे आली. एक वीज पलीकडच्या तीरावर, दुसरी रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर. काकांनी दोन पांढऱ्या टाचण्या टोचल्या. दोन्ही पडल्या. मावशींनी दोन्ही वेचल्या, पुसल्या, डबीत टाकल्या. स्वतःच्या हाताने, मित्रांनो. दुसरी टोचताना काकांचा हात मात्र थांबला होता. ते नाक नकाशाला लावून म्हणाले, "अरे, इथं मी परवाच एक टोचली होती की काय?" माझ्या सगळ्या भोकांतून जणू श्वास थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात फोन वाजला आणि ते फोनकडे वळले. परत आले तेव्हा विसरले होते.

आठवड्याने एका दुपारी आभाळ काळे झाले. काका टेबलाशी होते. सकाळी पाणी नव्हते म्हणून मावशी तेव्हा फरशी पुसत होत्या. फोन वाजला. काकांना नीट ऐकू यावे म्हणून समोरचा बोले ते मोठ्याने परत म्हणायची सवय होती.

"हं, बोला. तीन वाजून वीस. बरं. नदीकाठी... रोपवाटिका? शेडवर?" ते थांबले. मग सवयीनेच विचारले, "माणसं किती?"

मावशी गुडघ्यांवर होत्या. हातातले फडके तसेच धरून त्या वर बघत राहिल्या. फडक्यातून पाणी टपटपत होते. काकांनी फोन ठेवला. त्यांनी मावशींकडे पाहिले नाही. काय करावे ते न सुचून त्यांनी रोजचेच केले, डबीतून लाल टाचणी काढली आणि जागा शोधून टोचली.

"काका," मावशी म्हणाल्या. "कोण कोण?"

"नावं नाही सांगितली, मावशी. तीन जणी गेल्यात. बाकीच्यांना दवाखान्यात नेलंय."

गणितबाई धावतच आत आल्या. दारात थबकल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, कोऱ्या पट्ट्यातल्या त्या एका लाल टाचणीकडे. "तिथं?" त्या म्हणाल्या. "तिथं कशी पडेल?" आणि तेवढ्यात बाहेर मोठ्याने गडगडले. काचा थरथरल्या, भिंत थरथरली. त्या तिघांच्या देखत लाल टाचणी लोंबली, सुटली आणि टिक करून फरशीवर पडली.

मावशींना चालत जायचे होते, दवाखाना गाठायचा होता, पण हाताची सवय त्यांच्याही आधी हलली. त्या वाकल्या आणि त्यांनी टाचणी उचलली.

"मावशी," बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ही कुठून पडली?"

"ही होय? या पडतातच की इथं. दर उन्हाळ्यात."

"इथं म्हणजे?"

"याच फरशीवर. नदीच्या खाली. मी डबीत टाकते उचलून. काकांनीच सांगितलंय."

काकांनी डबीकडे पाहिले, जणू तिच्यात साप निघाला होता. बाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या मधोमध, नदीवर, अंगठा दाबला. कागद आत गेला. त्यांनी वरपासून खालपर्यंत अंगठा ओढत नेला. कागद आत जात राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात माझ्या दुखण्याला लागला होता, आणि आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

"फडकं फिरवलं होतं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतंत मला."

"म्हणजे मी..." मावशी म्हणाल्या.

"तुम्ही नाही मावशी. मी. मी म्हणाले, सगळीकडून गळाल्या असतील."

"डबी मी दाखवली," काका म्हणाले.

बाहेर पाऊस कोसळत होता. मावशींनी टाचणी मुठीत आवळली होती. त्या तशाच, हातात फडके आणि मुठीत टाचणी घेऊन, जिना उतरून गेल्या. बाई त्यांच्यामागे धावल्या.

मावशींची लेक वाचली. पण तिचे दोन्ही कान गेले. ज्या तीन जणी गेल्या त्यांतली एक तिच्या शेजारी बसून तिच्याच डब्यातला घास खात होती.

बाईंनी अहवालात सगळे लिहिले. आपली चूक पहिल्या पानावर, फळीची दुसऱ्या. त्यात काकांचे आणि मावशींचे नाव त्यांनी येऊ दिले नाही. शेडवर तार बसली. पुढे ते नवे यंत्र आले, जे आभाळाचा आवाज स्वतःच ऐकते आणि स्वतःच मोजते. काका निवृत्त झाले, जाताना ती पत्र्याची डबी घेऊन गेले. बाई शहरातल्या विद्यापीठात गेल्या. तिथे पहिल्या तासाला त्या म्हणे मुलांना एकच प्रश्न विचारतात, "जे मोजायचं राहिलं ते कुठून राहिलं?" माझे मात्र सगळे काढून घेतले, नकाशाही फाडला, आणि मला जिन्याखाली आणून ठेवले. आता मी फक्त भोकांची. त्या भोकांच्या गर्दीत मधोमध एक कोरा दिसणारा पट्टा आहे आणि त्यात ही फट. बघा, तुम्हीही क्षणभर फसलाच असता.

मागच्या पावसाळ्यात मावशी आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. बरोबर लेक होती. मावशी तिच्याशी तोंड समोर धरून सावकाश बोलत होत्या आणि ती ओठांवरून सगळे समजून घेत होती.

"हीच ती," मावशी म्हणाल्या.

लेकीने माझ्यावरची धूळ हाताने पुसली. फट मिटलेली होती, तरी तिला ती बोटाने बरोबर सापडली. मग मावशींनी कागदाच्या घडीतून ती लाल टाचणी काढली. इतकी वर्षे त्यांनी ती जपली होती, डबीत टाकली नव्हती. लेकीने ती घेतली आणि मावशींनी बोटाने दाखवलेल्या शेडच्या जागी, फटीतच, अंगठ्याने दाबून बसवली. मी दमट होते, फुगलेली होते. मी तिला घट्ट धरले.

"राहील का ग?" मावशींनी विचारले. मग त्यांना आठवले, लेकीचे तोंड दुसरीकडे होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

मित्रांनो, ती टाचणी अजून माझ्यात आहे. पण पावसाळा संपून किती महिने झाले. खोलीत ऊन येऊ लागले आहे. माझे लाकूड दिवसेंदिवस वाळते आहे आणि फट पुन्हा थोडी-थोडी उघडते आहे. मी धरून ठेवते आहे, जेवढे एका फटीला धरता येते तेवढे. एखाद्या दुपारी आभाळ गडगडेल आणि ती पडेल. टिक एवढाच आवाज होईल. मावशी आता इथे कामाला नाहीत, त्यांच्या लेकीला तो ऐकू येणार नाही. तुम्हाला येईल, कारण तुम्ही दारावरून जाता.

तेव्हा रांग सोडून जरा आत या. टाचणी उचला, कुणाच्या पायात जाऊ देऊ नका. पण डबीत टाकू नका. आधी वर बघा, ती कुठून पडली ते शोधा, आणि तिथे परत बसवून द्या.